सुट्टीचं वेळापत्रक

मेट्रनबाई निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी गल्लीत सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत. सरकारी इस्पितळात तीस वर्षं त्यांनी नर्सांना धाकात ठेवलं होतं. चादरीला एक सुरकुती दिसली की संबंधित पोरीचा दिवस रडण्यात जायचा. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा त्यांनी त्याच शिस्तीत वाढवला, आणि तो शहराच्या बससेवेच्या ऑफिसात वेळापत्रकाचा साहेब झाला. कुठली गाडी कधी सुटणार, कुठल्या ड्रायव्हरला कुठली ड्यूटी, सगळं त्याच्या सहीनं ठरायचं. हे मेट्रनबाईंनी भाजीवालीपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं.

नाताळच्या दहा दिवस आधी त्यांनी मुलाला फोन लावला.

"यंदा नाताळला मी तुझ्याकडे जेवायला येतेय."

मुलगा म्हणाला, "ये की. फक्त, आई, तिच्या माहेरचेही असणार आहेत."

"असू देत. मी काय त्यांना खाणार आहे?"

तसं गेल्या वर्षी त्यांनी खाल्लंच होतं. विहीणबाईंनी मोठ्या हौसेनं सूप करून आणलं होतं. मेट्रनबाईंनी एक चमचा तोंडात घालून भर पंगतीत जाहीर केलं की इस्पितळात दात नसलेल्या पेशंटांना यापेक्षा बरं मिळायचं. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, सून दोन आठवडे नवऱ्याशी बोलली नाही. मुलगा आईला मात्र काही बोलला नाही. आईला नाही म्हणणं त्याला चाळीस वर्षांत जमलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो स्वतः येऊन एका कागदावर सगळा प्रवास लिहून देऊन गेला. बाजाराच्या स्टॉपवरून दहा वीसची सात नंबर. इस्पितळ चौकात उतरायचं. तिथून अकराची चौदा नंबर, शेवटचा स्टॉप. "तुला आणायला आलो असतो," तो बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला, "पण गाडी सासऱ्यांना आणायला लागणार आहे."

"मला काय धाड भरलीये? बसनं येईन," मेट्रनबाई म्हणाल्या.

नाताळच्या सकाळी सात नंबर खचाखच भरलेली होती. ज्याच्या त्याच्या मांडीवर पिशव्या, डबे, रंगीत कागदात गुंडाळलेले खोके. जो तो कुणाच्या ना कुणाच्या घरी निघालेला. मेट्रनबाईंनी एका कॉलेजच्या मुलीला "ऊठ, तुझे पाय तरुण आहेत" म्हणून उठवलं आणि खिडकीशी बसल्या. पिशवीत नातीसाठी विणलेला पिवळा स्वेटर होता. इस्पितळ चौकात त्या उतरल्या तेव्हा अकराला दहा कमी होते.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. स्टॉपवर दुसरं कुणीच नव्हतं, दुकानं बंद होती, गार वारा कोटाच्या बाह्यांतून आत शिरत होता. साडेअकराला त्यांनी चष्मा लावून स्टॉपच्या मागच्या काचेवर चिकटवलेला कागद वाचला. नाताळच्या सुट्ट्यांमुळे चोवीस तारखेपासून आठ दिवस मार्ग क्रमांक चौदा पूर्ण बंद राहील. खाली सही होती. तिचा शेवटचा लांब फराटा त्यांनी तेव्हाच ओळखला. शाळेत असताना त्या फराट्यापायी त्यांनी त्याला पट्टीनं मारलं होतं.

आधी त्यांना वाटला तो अभिमानच. एवढ्या मोठ्या शहरात जागोजागी पोराची सही लागलेली! मग मनात आलं, कामाच्या रगाड्यात विसरला असेल बिचारा. त्यांनी फोन लावला. वाजून वाजून थांबला. दुसऱ्यांदा लावला तर बंद लागला.

परतीची सात नंबर आली. ड्रायव्हरनं थांबून "येताय का?" म्हणून विचारलंही. त्यांनी मान हलवली. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकून माघारी फिरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तिथून मुलाचं घर सहा किलोमीटर होतं. पिशवी काखेत मारून त्या चालायला लागल्या.

किलोमीटरभर गेल्या असतील, तोच मागून एक बस येऊन शेजारी थांबली. आत एकही माणूस नव्हतं. ड्रायव्हरनं दार उघडलं. पन्नाशीकडे झुकलेला, दाढीचे खुंट वाढलेला माणूस.

"मावशी, अशा थंडीत पायी कुठं निघालात?"

त्यांनी वसाहतीचं नाव सांगितलं.

"अहो, पार त्या टोकाला! चौदा नंबर आठ दिवस नाही. चढा. गाडी डेपोत नेतोय, पण जरा वळसा घालून सोडतो तुम्हाला. रिकाम्या गाडीत माणूस घ्यायची बंदी आहे खरं तर. आज बघायला कोण येतंय?"

मेट्रनबाई चढल्या, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसल्या. गाडीत ऊब होती. ड्रायव्हर बोलका होता, आणि सकाळपासून बोलायला कुणी भेटलं नसावं.

"सणाला घरी निघालात, बरंय. आमची पोरं आजोळी गेली आणि मी इथं चाक फिरवतोय. पाचवं वर्ष हे. दर वर्षी नाताळला माझीच ड्यूटी. का, तर एकदा ऑफिसात जाऊन साहेबाला विचारलं, की ही पाळी सगळ्यांना सारखी का नाही. विचारलं फक्त! तेव्हापासून यादीत माझं नाव पहिलं."

मेट्रनबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"तोंडानं एक शब्द वाकडा बोलणार नाही तो. हसून चहा पाजेल आणि मागून कागद काढेल. समोर नाही म्हणायची हिंमत नाही माणसात, म्हणून असला डंख. त्याच्या आईनं त्याला काय शिकवलं देव जाणे."

"काय शिकवायचं ते मी शिकवलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी त्याची आई."

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. मेट्रनबाई वाट बघत होत्या, की आता हा माफी मागेल, गयावया करेल. मागितली असती तर त्यांनी दिलीही असती, दोन खडे बोल सुनावून. पण बस हळू होत गेली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. दोन्ही बाजूंना बंद गोदामं होती.

"उतरा," तो म्हणाला.

"काय?"

"रिकाम्या गाडीत प्रवासी घ्यायचा नाही. परिपत्रक आहे. तुमच्या मुलाचंच."

"मी एकाहत्तर वर्षांची आहे."

"परिपत्रकात वय लिहिलेलं नाही." त्यानं दार उघडलं. मागं वळून मात्र पाहिलं नाही. मेट्रनबाई उतरल्या. गाडी निघाली तेव्हा त्यांनी मागचा नंबर वाचला आणि पाठ केला.

पुढचं सगळं अंतर त्या चालल्या. एका वळणावर खडीवरून पाय घसरला, तळहात सोलवटला आणि एका गुडघ्यातून रक्त आलं. उठायला त्यांना बराच वेळ लागला. हात द्यायला कुणी नव्हतं आणि कुणी बघायलाही नव्हतं, तेवढंच त्यांना बरं वाटलं.

मुलाच्या दारावरची बेल वाजवली तेव्हा पावणेदोन झाले होते. आतून हसण्याचे आवाज येत होते. दार मुलानंच उघडलं. हातात नॅपकिन होता.

"आई? तू कशी आलीस?"

हा प्रश्न मेट्रनबाईंच्या डोक्यात नीट शिरायला दोन क्षण लागले. उशीर का झाला, असं त्यानं विचारलं नव्हतं. रक्त कसलं, असंही नाही.

आत टेबलाभोवती सात खुर्च्या होत्या आणि सातही भरलेल्या होत्या, फक्त मुलाची तेवढी आत्ता रिकामी होती. विहीणबाई हात पुसत उठल्या. "अगंबाई, तुम्ही! बरं वाटतंय का आता? जावईबापू म्हणाले ताप आहे, अंथरुणातून उठवत नाही, म्हणून येत नाही म्हणालात."

सुनेनं ताटातून मान वर केली नाही. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. चुकीचं इंजेक्शन देऊन बसलेल्या नर्सांचे असे चेहरे मेट्रनबाईंनी खूप पाहिले होते, आणि त्यांतल्या एकीलाही त्यांनी कधी सोडलं नव्हतं. आताही एका वाक्याचं काम होतं. सगळ्यांसमोर, विहीणबाईंसमोर, नातीसमोर. वाक्य जिभेवर आलंही.

पण ते बोलून झाल्यावर जायचं कुठं? हे दार एकदा बंद झालं की दुसरं कुठलं दार नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी, सोललेल्या हातानं उंबऱ्यात उभं असताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

"तुमच्या एका ड्रायव्हरनं मला भर रस्त्यात उतरवलं," त्या म्हणाल्या.

मुलाच्या चेहऱ्यात जीव आला. "कुणी? गाडीचा नंबर?"

त्यांनी नंबर सांगितला. मग एकच धावपळ उडाली. आतल्या खोलीतून आठवी खुर्ची आली, सुनेनं कोमट पाण्यानं गुडघा धुऊन पट्टी बांधली, विहीणबाई "काय माणसं असतात बाई!" म्हणत राहिल्या. मुलानं टेबलावरच्या ताटल्या सरकवून कागद घेतला. एक हात आईच्या खांद्यावर ठेवला, किती वर्षांनी कोण जाणे, आणि दुसऱ्या हातानं तक्रार लिहायला बसला. आई सांगत होती, मुलगा लिहीत होता. कुठे शब्द कमी पडला तर तो सुचवत होता. 'उतरवलं' खोडून त्यानं 'ढकलून दिलं' असं लिहिलं, आणि आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली. गाडीत मधे काय बोलणं झालं, ते तिनं सांगितलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बससेवेच्या ऑफिसात चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन अधिकारी होते, मुलगा भिंतीकडेच्या खुर्चीत. ड्रायव्हर इस्त्रीचा गणवेश घालून, दाढी करून आला होता.

"उतरवायला नको होतं," तो म्हणाला. "राग आला, चुकलं माझं. पण ढकललं नाही. आणि मावशी पायी चालल्या होत्या म्हणून मी आपणहून गाडी थांबवून घेतलं होतं. मावशी, एवढं तरी सांगा यांना."

अधिकाऱ्यानं मेट्रनबाईंकडे पाहिलं. "खरं आहे का?"

"मला वाटलं, ती नेहमीची गाडी आहे. हा काहीच बोलला नाही. मधेच थांबवली आणि मला ढकललं."

"पण चौदा नंबर बंद आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुमचे चिरंजीव तर याच खात्यात आहेत."

भिंतीकडची खुर्ची करकरली. मेट्रनबाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"त्यानं मला दहादा सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मीच विसरले. वय झालं."

ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत राहिला. आधी त्याला काही कळेना, मग हळूहळू सगळं कळत गेलं, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. तो मायलेकांकडे आळीपाळीनं बघून एकदा हसला, अगदी थोडंसं, आणि पुढच्या कुठल्याच प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही. सोळा वर्षांची नोकरी त्या दुपारी गेली.

मुलगा आईला आपल्या गाडीतून घरी सोडायला निघाला. पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा स्वतः लावून दिला. "छान बोललीस हं, आई," तो म्हणाला. वाटेत ड्रायव्हरचाच विषय. त्याच्या कपाळावर कसा घाम फुटला होता, बोलताना कसा अडखळत होता, मुलानं नक्कल करून दाखवली. मेट्रनबाई हसल्या. तोही हसला. लहानपणी शिक्षकांची नक्कल करायचा तेव्हा त्या त्याला गप्प बसवायच्या, आज बसवलं नाही.

घर आलं. त्या पट्टा सोडायची खटपट करत म्हणाल्या, "वर चल की. चहा घेऊन जा."

"नको, आई. तिच्या घरच्यांना स्टेशनवर सोडायचंय."

त्या उतरेपर्यंत त्यानं इंजिन चालूच ठेवलं होतं.