परत येणाऱ्यांचा सिनेमा

आयलीनची गाडी बाहेर थांबल्याचा आवाज आला, तसे मर्लने टेबलावरच्या डीव्हीडींच्या ढिगातले पाण्याचे सिनेमे ओढून काढले आणि आपल्या कोटाखाली दडवले. एक तळ्याचा, एक होडीचा आणि एक दात विचकणाऱ्या माशाचा. माशाचा तर तसाही हॅलोविनचा म्हणून कुणी चालवून घेतला नसता.

"सुऱ्यांचे, खुनाखुनीचे राहू देत का?" डॉटीने हळूच विचारलं.

"राहू देत. वेस पाण्यात गेला."

वेस हा आयलीनचा एकुलता एक मुलगा. एप्रिलमध्ये जुन्या खाणीच्या तळ्यात मित्रांबरोबर पोहायला उतरला, तो वर आलाच नाही. थंडगार पाणी, आणि उन्हं पडली म्हणून पोरांना उन्हाळा आल्यासारखं वाटलेलं.

आयलीन आत आली, हातमोजे काढून नेहमीच्या खुर्चीत बसली. हॅलोविनला पोरांचं दारोदार फिरून चॉकलेटं गोळा करणं झालं, की अग्निशमन दलाच्या या हॉलमध्ये मोठी माणसं मिळून सिनेमा बघतात. कोणता, ते हे तिघं ठरवतात. ठरवतात कसले, भांडतात. मर्लचं म्हणणं, पायरीवर डोळे-तोंड कोरून ठेवलेला भोपळा दिसला नाही तर तो हॅलोविनचा सिनेमाच नव्हे. आयलीनचं म्हणणं, त्या रात्री मेलेले घरी येतात म्हणतात, तर सिनेमातही मेलेलं माणूस घरी परत यायला हवं. नुसते खून बघायचे तर बातम्या लावा! डॉटी ज्याने डोनट आणले असतील त्याच्या बाजूने.

यंदा मर्लने तोंडच उघडू दिलं नाही. "तू जिंकलीस, आयलीन. भोपळा गेला खड्ड्यात." त्याने एक डबी तिच्यापुढे सरकवली. "तुझा लाडका. तो मेलेला मुलगा आईकडे जेवायला येतो, तो."

डॉटीने टेबलाखालून त्याला लाथ मारली, पण उशीर झाला होता. इतक्या मायेने इतका मूर्खपणा जुना मित्रच करू जाणे.

"म्हटलं, तुला बरं वाटेल," मर्ल पुटपुटला.

आयलीनने डबी उलटसुलट करून पाहिली. "किती वर्षं मागतेय मी हा. तू कधी लावू दिला नाहीस."

"चुकलंच माझं."

"शेवटी तो परत जातो ना रे?"

मर्लने मान डोलावली.

"येतो त्याचं काही नाही. येऊ दे, बसू दे, पोटभर खाऊ दे. पण उजाडलं की उठतो. आणि ती बया दारात उभी राहून हात हलवते. अडवत नाही की काही नाही."

"मग तिथवर जाऊच नये," मर्ल घाईघाईने म्हणाला. "तो जेवायला बसला की मी बंद करतो. मशीन बिघडलं म्हणून सांगतो."

"लोक बोंब मारतील."

"मारू देत. शिव्या मी खाईन."

आयलीनने खरंच विचार केला. तिचा अंगठा डबीवरच्या चित्रावरून पुन्हापुन्हा फिरत राहिला. मर्लला वाटलं, जमलं.

"आणि दिवे लागले की?" तिने विचारलं. "तुम्ही सगळे आपापल्या घरी जाल. त्याला तसा भरल्या ताटावर सोडून मी कशी उठू, मर्ल?"

डॉटीला रडू आवरेना. तिने ते लपवलंही नाही. मर्ल कॉफीच्या कपात बघत बसला. त्याला स्वतःचा संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

आयलीनने डबी बाजूला ठेवली, ढिगातून एक सुरीवाला सिनेमा उपसला आणि त्याच्या हातात दिला.

"हा लाव."

"अगं, पण यात तर कुणीच परत येत नाही. मेलेले ते मेलेलेच राहतात."

"हो," हातमोजे चढवत आयलीन म्हणाली. "तसंच बघायची सवय करायला हवी आता."