वृंदावनातली हुमणी

तुळशीच्या लग्नाला एकच दिवस उरला होता आणि आमच्या वृंदावनात तुळशीची नुसती काडी उभी होती. नवं रोप लावायचं म्हणून सकाळीच खुरपं घेऊन बसले. काडीला जरा हात लावला, तर ती अख्खी वर आली. खाली मूळ असं उरलंच नव्हतं, कुरतडलेला बुडखा तेवढा होता.

माती उकरली तशा पांढऱ्या, जाड अळ्या निघायला लागल्या. तांबूस डोक्याच्या, अंग मुडपून पडलेल्या. चांगल्या अकरा निघाल्या. मी भिणारी बाई नाही. या हिंदी मुलखात, चौबे कॉलनीत तीस वर्षं काढली, नवरा रेल्वेच्या ड्यूटीवर असताना घरात साप निघाला तर काठी मीच घ्यायचे. पण त्या अळ्या पाहून मी खुरपं खाली ठेवलं. त्यांचं नाव मला दीड-दोन महिन्यांपूर्वीच कुणीतरी सांगितलं होतं आणि सांगणारीला मी गप्प बसवलं होतं.

क्षमा, माझी सून. हिंगणघाटकडची, शेतकऱ्याच्या घरची. गणपती उठले त्याच आठवड्यात, चौथ्या महिन्यात तिचा गर्भ पडला. दवाखान्यातून आली त्या दिवशीच मी बजावलं, सव्वा महिना देवाला आणि तुळशीला हात लावायचा नाही. तिनं मान हलवली. आठ-दहा दिवसांनी तुळस मलूल दिसायला लागली, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारातूनच बोलली.

"आई, मुळाशी हुमणी लागली असंल. मुळं खाते ती. माती उकरून पाहू का?"

"हात लावशील तर याद राख. विटाळ हाय तुले."

"मग तुम्ही पाहा ना. एक अळी काढून फरशीवर ठेवा. शेणातली साधी अळी पाठीवर सरकते, ती काही करत नाही. हुमणी कुशीवर लोळते. लगेच वळखू येते."

"आता तू मले किडे वळखायले शिकवून राहिली का?"

त्यानंतर तिनं तुळशीचा विषय काढला नाही. मी पाणी वाढवलं, हळद घातली, दिवा दोन्ही वेळा लावला. तुळस सुकतच गेली.

दसऱ्याला सोनं द्यायला बायका आल्या. शेजारच्या दीपमालाबाईंनी विचारलं, "तुळस काहून सुकली हो?" मी म्हणाले, "जिच्या पोटात काही टिकत नाही तिची सावली पडल्यावर काय हिरवं राहणार?" क्षमा चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. तिच्या कानावर पडावं म्हणूनच मी बोलले, खोटं कशाला सांगू. नातवंड गेल्याचं दुःख मलाही होतं आणि ते मला कुणावर तरी काढायचं होतं. माझा मुलगा निरंजन, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ऑफिसात आहे, तो फक्त "मम्मी, रहने दो ना" म्हणाला. चौथ्या दिवशी तो तिला माहेरी सोडून आला.

आता मी एक अळी खुरप्यावर उचलून अंगणातल्या फरशीवर ठेवली. मनात म्हणत होते, पाठीवर हो बाई, पाठीवर सरक. तसं झालं असतं तर मुळं दुसऱ्या कशानं तरी गेली म्हणून मला सुटता आलं असतं. अळी कुशीवर पडली आणि पाय हलवत तिथल्या तिथे लोळत राहिली. दुसरी ठेवली, तीही कुशीवर. मी अकराच्या अकरा ठेवून पाहिल्या.

आणि तुळशीला घातलेलं शेणखत? ते श्रावणात दूधवाल्याच्या गोठ्यातून मीच उचलून आणलं होतं. कच्चं आहे, नीट कुजलं नाही, असं क्षमा तेव्हाही म्हणाली होती.

मातीच्या हातानंच फोन लावला. तिनं उचलला.

"क्षमा, हुमणीच होती गं. अकरा निघाल्या. साऱ्या कुशीवर लोळल्या. माझ्याच खतातून आल्या."

उभ्या आयुष्यात मी कुणाची माफी मागितली नव्हती.

"माझं चुकलं, पोरी. तुझा काहीच दोष नव्हता. त्या दिवशीच्या साऱ्या बायकांले बोलावून सांगते मी. तू ये. नवी तुळस तूच लाव."

"हव आई, हुमणी असंल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो आनंदानं झेलला असता. "पण ते खत आपल्याच घरी आलं ना, मी होती म्हणून. मी इथं बाबांच्या वावरात पाय ठेवत नाही आता. तूर फुलावर हाय. रोप तुम्हीच लावा."

"अगं, किडा हाय तो! साधा किडा!" मी ओरडले.

"हव," ती म्हणाली. "आता ठेवते, आई. मले आत जाऊ द्या. ऊन फिरलं इकडं, माझी सावली तुळशीवर पडून राहिली."