सही कोणाची

सलग सहावा सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिकेट मंडळाच्या कचेरीतून बोलावणं आलं, तेव्हा ताई सुजलेल्या बोटाला बर्फ लावून बसली होती. देशाच्या महिला संघाची ती चार वर्षं कर्णधार. संघातल्या धाकट्या मुली तिला ताई म्हणत. आता वर्तमानपत्रंही म्हणू लागली होती, फक्त जरा कुत्सितपणे. आदल्या दिवशी शेवटच्या षटकात समोरच्यांना नऊ धावा हव्या होत्या. तिने चेंडू ऑफस्पिनरच्या हातात दिला आणि चार चेंडूंत खेळ आटोपला. तेव्हापासून अख्खा देश तिला कप्तानी शिकवत होता. सख्ख्या आत्यानेही फोन करून सांगितलं, की तिथे वेगवान गोलंदाजच हवी होती. आत्याने जन्मात बॅट धरली नव्हती.

बैठकीच्या खोलीत लांबलचक टेबलापलीकडे दोघंच बसली होती. एक मंडळाचे सचिव आणि दुसऱ्या निवड समितीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मॅडम म्हणत. बारा वर्षांपूर्वी ताईने देशासाठी पहिली धाव काढली तेव्हा पलीकडच्या टोकाला मॅडमच होत्या, कर्णधार म्हणून. त्यामुळे तिला वाटलं, निदान इथे तरी क्रिकेटचं बोलणं होईल.

झालं भलतंच. सचिवांनी चहा मागवला, बोटाची चौकशी केली आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. वैयक्तिक कारणांमुळे मी स्वखुशीने कर्णधारपद सोडत आहे, आणि खाली सहीपुरती जागा. बारा वाजता पत्रकार यायचे होते.

ताईने कागद दोनदा वाचला.

"माझं वैयक्तिक कारण कोणतं, तेवढं सांगून ठेवा," ती म्हणाली. "घरी आई विचारेल."

सचिव हसले नाहीत. मान राखून बाजूला होण्यात सगळ्यांचंच भलं असतं, असं ते बराच वेळ समजावत राहिले. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

मग ताई बोलली. तिसऱ्या सामन्यात नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली, ती चूक तिची. काल शेवटच्या षटकात क्षेत्ररक्षण चुकलं, तेही तिचंच. पण वेगवान गोलंदाजाचा खांदा दुखावलाय हे फिजिओने लेखी कळवलं होतं. तरी तिलाच खेळवा असा हट्ट याच खोलीतून झाला आणि काल पाचव्याच षटकात ती पोरगी खांदा धरून खाली बसली, म्हणून शेवटचं षटक ऑफस्पिनरला द्यावं लागलं. संघ निवडताना कर्णधाराला गेल्या तीन महिन्यांत कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"हे बाहेर बोललीस तर संघात पुन्हा दिसणार नाहीस," मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. आवाजात धमकीपेक्षा काळजी जास्त होती. "मीही अशाच कागदावर सही केली होती. त्यावर आणखी दोन वर्षं खेळायला मिळालं."

हे ताईला ठाऊक नव्हतं. तेव्हा मॅडमच्या गुडघ्याचं कारण छापून आलं होतं आणि तिने ते खरं मानून त्यांना बरं वाटो म्हणून पत्रही पाठवलं होतं. क्षणभर तिचा धीर सुटला. तिशी उलटलेल्या खेळाडूला दोन वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. पण उद्या कोणीतरी असंच खोटं कारण खरं मानून आपल्याला बरं वाटो म्हणून पत्र पाठवेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि तिने कागद परत सरकवला.

"मी हरले, ते माझ्या नावावर लिहा. मला काढायचा हक्क तुमचा, तोही मान्य. पण सोडून गेले असं लिहायचं नाही. काढत असाल तर खाली सही तुमची हवी, मॅडम."

बाहेरच्या बाकावर उपकर्णधार बसली होती. यष्टींमागे अखंड किलबिलाट करते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. कर्णधारपद द्यायला तिलाही बोलावलं होतं आणि ती नकार द्यायच्या तयारीने आली होती. ताईने तिला तिथल्या तिथे झापलं. कप्तानी बिनदिक्कत घे म्हणाली, पण संघनिवडीत मत हवं, ते आधी लेखी माग.

बारा वाजता पत्रकारांनी पहिलाच प्रश्न विचारला, की तुम्ही राजीनामा का दिलात.

"दिलेला नाही," ताई म्हणाली. "मला काढताहेत. आणि सहा सामने हरलेल्या कर्णधाराला जाब विचारलाच पाहिजे. विचारा. फक्त संघ कोण निवडतं, हेही मंडळाला विचारा."

संध्याकाळी पत्र आलं. सलग पराभवांमुळे निवड समिती कर्णधार बदलत आहे, एवढंच लिहिलं होतं, आणि खाली मॅडमची सही. वैयक्तिक कारणाचा पत्ताच नव्हता.

पुढच्या दोन दौऱ्यांत ताईचं नाव नव्हतं. ती बँकेतल्या आपल्या नोकरीवर रुजू झाली, बँकेच्या संघाकडून खेळली, धावांमागून धावा काढत राहिली. सातवा सामना संघ चिमणीच्या हाताखालीही हरला, आठवा जिंकला. दुसरा दौरा संपल्यावर चिमणीने समितीला लेखी कळवलं, की चौथ्या क्रमांकावर तिला ताई हवी आहे.

संघात परतल्यावर पहिल्याच सराव सामन्यात ताईने तिला गोलंदाजी बदलायला सुचवलं.

"नको," चिमणी म्हणाली. "मी ठरवलंय. तू सीमारेषेवर जा."

ताई हसत हसत धावत गेली.