घरात राहिलेले महिने

स्थिती: प्रक्रियेत.

रोज सकाळी चहाचं पाणी उकळेपर्यंत ती फोनवर कर खात्याचं पान उघडायची, नंबर टाकायची आणि हे दोन शब्द वाचायची. मग पाण्यात पत्ती टाकायची. सुरुवातीला ती नवऱ्याला वाचून दाखवायची. मग नुसती मान हलवायला लागली. आता तेही नाही. कप समोर आला की त्याला कळायचं, आजही नाही.

एकशे शहाण्णव दिवस झाले होते. सरकारी काम, सहा महिने थांब, असं ज्याने कुणी म्हणून ठेवलं त्याने निदान मुदत तरी दिली होती. इथे सहा महिने उलटून वर दोन आठवडे झाले, आणि पुढे किती ते सांगायला कुणी नव्हतं.

तिला राग येत नव्हता. यायला हवा, असं ताई फोनवर म्हणायची. "अगं, भांड जरा! तुझेच पैसे, आणि तू अशी, जशी काही उसने मागतेयस." ती हं म्हणायची. ताई तिची सख्खी मोठी बहीण, दुसऱ्या शहरात, आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत.

*

परतावा आला की कपडे धुण्याचं मशीन घ्यायचं ठरलं होतं. जुनं बंद पडून वर्ष होत आलं होतं. नवऱ्याने ते भिंतीपासून ओढून मागून उघडलं, पट्टा काढला, मोटर तपासली, आणि आतलं सर्किट जळलंय म्हणून तसंच उघडं ठेवून दिलं. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. त्यावरून ताईने एकदा ऐकवलंच होतं, "दहा-दहा माणसं वर-खाली करणारा जावई आमचा, आणि घरातलं एक पिंप गरगर फिरवता येईना!"

तेव्हा तो हसला होता. ते मागच्या वर्षी.

आता एक दिवसाआड न्हाणीघरात बादली. ती घासते, तो खळबळतो. चादर असली की पिळायला दोघं लागतात.

*

विवरणपत्र भरायची त्यांची एक पद्धत होती. ती वाचायची, तो भरायचा. फोनवर भरत तेव्हाही तसंच. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अर्ध्या तासात काम उरकायचं, दहा दिवसांत पैसे.

यंदा फोन अडला. घरातल्या माणसांची नावं टाकायच्या पानावर प्रत्येकापुढे नऊ आकडी ओळख क्रमांक लागतो. तो बाळ जन्मल्यावर महिनाभराने टपालाने येतो. त्यांची मुलगी अकरा दिवस होती. क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवला की तो लाल व्हायचा आणि पान पुढे सरकायचं नाही.

"ती ओळ सोड ना," ताई म्हणाली होती. आवाज एकदम खाली आला होता तिचा. "तुम्हा दोघांचंच भरून टाक. थोडे कमी येतील, पण येतील तरी. कागदावर कोण भरतं गं आता?"

"बघते," ती म्हणाली.

तिने खात्याच्या कचेरीतून छापील फॉर्म आणला, सोबतची जाडजूड पुस्तिका आणली. पान एकेचाळीसवर बारीक अक्षरांत सापडलं: मूल त्याच वर्षी जन्मून त्याच वर्षी गेलं असेल, तर क्रमांकाच्या जागी 'मृत' असं लिहावं आणि दोन्ही दाखले जोडावेत.

तिने ते मोठ्याने वाचलं. त्याने लिहिलं.

त्याचं अक्षर चौकोनी, सरळ, लांबून वाचता येईल असं आहे. कंपनीच्या छापील पाट्या कधी वेळेवर येत नाहीत, म्हणून बारा वर्षं तो स्वतःच पुठ्ठ्यावर रंगवतो. लिफ्ट बंद आहे. जिन्याने जावे. त्याच अक्षरात त्याने ओळ तीनमध्ये आडनाव लिहिलं आणि पुढे दाखल्यावर होतं तेच: मुलगी. नाव ठेवायचं अजून चाललंच होतं त्यांचं, एकमत होत नव्हतं.

ती पुस्तिकेत बोट ठेवून पुढचा रकाना वाचत गेली. वर तिने पाहिलं नाही.

*

घरात राहिलेले महिने: ०

*

ती कानांच्या दवाखान्यात ऐकू येण्याची चाचणी घेते. जाड दाराची, आतून फोम लावलेली खोली, हेडफोन, आणि हातात बटण. आवाज आला की दाबायचं. लहान मुलं तिला पीपताई म्हणतात.

त्या दिवशी एक आजोबा होते, पोस्टातून निवृत्त झालेले. तिने सलग काही वेळ काहीच वाजवलं नाही. तसं मुद्दाम करावं लागतं. आजोबांनी बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं.

"आजोबा, मी काहीच वाजवलं नव्हतं."

"नव्हतं? मग मला का वाटलं?"

"वाटतं तसं बऱ्याच जणांना."

"चाळीस वर्षं टपालात काढली, बाई. फार वेळ काही आलं नाही की समजायचं, वाटेत कुठेतरी अडकलंय. म्हटलं दाबून ठेवावं, आपल्याकडून चूक नको."

तिने कागदावर दोन फुल्या मारल्या.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती त्याच खोलीत बसली आणि कर खात्याला फोन लावला. बाहेरच्या खुर्च्यांवर आपली पाळी कधी येणार म्हणून सतत विचारणारे लोक असतात, इथे कुणी नसतं. सत्तेचाळीस मिनिटं एकच धून वाजत राहिली. मग पलीकडे एक बाई आली. तिला सर्दी झाली होती.

"नंबर सांगा... थांबा हं... हां, सापडलं. तुमचं अडवून ठेवलंय."

"का?"

"ओळ तीन. तुम्ही लिहिलंय, जन्म आणि मृत्यू त्याच वर्षी."

"हो."

"दाखले आहेत, ते ठीक आहेत. पण घरात राहिलेले महिने, तिथे शून्य टाकलंय तुम्ही. शून्य महिने राहिलेलं माणूस घरातलं धरत नाहीत. तिथे यंत्रच थांबतं, मग ते कुणीतरी हाताने बघायचं, आणि इथे बघायला कोण बसलंय!"

"ती घरी आली नव्हती," ती म्हणाली. "दवाखान्यातच."

पलीकडची टायपिंगची टकटक थांबली. बाईने नाक ओढलं.

"दवाखान्यातले दिवस घरातलेच धरतात, मॅडम. आणि त्याच वर्षी जन्मून... म्हणजे, एक दिवस असला तरी पूर्ण वर्ष. बारा लिहायचे असतात तिथे."

"बारा."

"बारा महिने. पुस्तिकेत आहे, पान त्रेचाळीस. कुणी वाचतच नाही पुढे."

"मग आता?"

"दोन मार्ग आहेत. ऑनलाइन जाऊन ती ओळच काढून टाका. थोडे कमी येतील, पण आठ-दहा दिवसांत खात्यात. नाहीतर दुरुस्तीचा कागद, दोघांच्या सह्या, पुन्हा टपाल. सोळा आठवडे धरा. जास्तच धरा."

"कुठलं बरं?"

"ते आम्हाला सांगता येत नाही." मग जरा थांबून, "बहुतेक लोक ओळ काढतात."

फोन ठेवून तिने डबा उघडला. शून्य तिने लिहिलं नव्हतं. ती वाचत होती.

*

संध्याकाळी उजेड असतानाच तो आला, हात धुतले, बाह्या सरसावल्या. त्या दिवशी चादर होती. दोघांनी एकेक टोक धरलं आणि उलट दिशांनी पीळ द्यायला सुरुवात केली.

"शून्य तू लिहिलंस?"

"कसलं शून्य?"

"घरात राहिलेले महिने."

चादरीतून पाणी गळत होतं. त्याने आणखी एक पीळ दिला. "तू वाचलंस. मग पुढचं काही वाचलं नाहीस. मी थांबलो थोडा. मग लिहिलं."

"विचारायचंस."

"काय विचारू? घरी आली होती का, असं विचारू?"

तिने आपलं टोक सोडलं नाही. फोनवरच्या बाईने सांगितलं ते सगळं तिने सांगितलं, त्याच क्रमाने, सर्दीसकट. आठ-दहा दिवस. सोळा आठवडे. बहुतेक लोक काय करतात.

"मग काढ ती ओळ," तो म्हणाला.

"काढू?"

"रोज सकाळी बघतो मी तुला. गॅसपाशी, फोन घेऊन. दोनशे दिवस होत आले. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय मला. येऊ देत काय यायचे ते आणि संपू दे."

"नाहीतर बारा लिहायचे."

"बारा कसे लिहू?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "प्रत्येक लिफ्टला वही असते. तपासली की सही करायची. आमच्यातला एक जण न बघताच सह्या मारायचा, त्याला हाकलला त्यांनी, आणि बरोबर केलं. मी आजवर न बघितलेल्या लिफ्टच्या वहीत सही केलेली नाही. अकरा दिवस मी तिथे खुर्चीवर बसलो होतो. मला माहीत आहे ती कुठे होती आणि कुठे नव्हती."

त्याने चादर दोरीवर टाकली. तिने टोकं सारखी केली.

*

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. चहा झाल्यावर तिने फोनवर ते दुसरं पान उघडलं, जिथून दुरुस्ती होते. तीन ओळी. तो, ती, आणि तिसऱ्या ओळीच्या टोकाला केराच्या टोपलीचं छोटंसं चित्र. ती दाबली की चौकट येते: व्यक्ती वगळायची आहे का? हो. नाही.

चौकट आली. तिने फोन टेबलावर ठेवला, त्याला दिसेल असा. 'हो' तिने दाबलं नाही. त्यानेही दाबलं नाही. काही मिनिटांनी पडदा काळा झाला.

तिने पुस्तिका काढली, पान त्रेचाळीस उघडलं, आणि या वेळी वाचलं नाही. त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने बोट ठेवून वाचलं, ओठ हलवत. मूल कितीही अल्पकाळ जगलं, तरी त्या काळात करदात्याचं घर हेच त्या मुलाचं घर असल्यास, ते पूर्ण वर्ष त्या घरात राहिलं असं मानावं.

पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हेच तिचं घर असल्यास," तो म्हणाला.

"हं."

"दुसरं कुठलं होतं?"

आतल्या खोलीत पाळण्याचे सुटे भाग त्याने आणून ठेवले होते. स्क्रू चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात होते. ते अजून तिथेच होते. दोघांपैकी कुणी तो डबा हलवला नव्हता.

"हे कुणी लिहिलं असेल गं?"

"असेल कुणीतरी पगारी माणूस."

"त्याला कसं सुचलं?"

"त्याला फोन करून विचारलं असेल कुणीतरी. सत्तेचाळीस मिनिटं थांबून."

तो हसला नाही, पण नाकातून श्वास सोडला. मग उठला, कामाच्या पिशवीतून जाड निबाचं पेन आणलं, नको म्हणून परत ठेवलं आणि साधं आणलं.

*

आधीचा आकडा: ०

नवा आकडा: १२

दुरुस्तीचं कारण:

कारणाला तीन ओळींची जागा होती. तो बराच वेळ पेन धरून बसला. ती काहीच वाचून दाखवत नव्हती. शेवटी त्याने पाटी रंगवताना काढतो तशा अक्षरात लिहिलं: पान ४३. खाली दोन ओळी रिकाम्या राहिल्या.

त्याने सही केली. तिने सही केली. दाखल्यांच्या आणखी दोन प्रती जोडल्या. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिने पाकीट रजिस्टरने टाकलं, पावती पर्समध्ये ठेवली.

ताईचा फोन आला. "आले का पैसे?"

"नाही. अजून सोळा आठवडे."

"अगं बाई! आणि कपडे?"

"धुतो की."

"तू पण ना," ताई म्हणाली.

*

सकाळी पाणी उकळायला लागलं. तिने पान उघडलं, नंबर टाकला. तो टेबलाशी बसून बूट घालत होता.

"प्रक्रियेत," तिने वाचून दाखवलं.

त्याने नाडी बांधायची थांबवून वर पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

तिने पत्ती टाकली.