पहिली वीस मिनिटं

गेम चांगला आहे की टाकाऊ, हे मी पाच मिनिटांत ओळखतो. पद्धत सोपी आहे. गेम म्हणाला उजवीकडे जा, की मी डावीकडे जातो. गेम म्हणाला राजाला भेट, की मी राजाच्या स्वयंपाकघरात घुसून भांडी पाडतो. भांडी पडली, आवाज झाला, आतून कुणी शिव्या घातल्या, तर गेम जिवंत आहे. भांडी डिंकाने चिकटवल्यासारखी जागची हललीच नाहीत, तर समजायचं, नुसती रंगरंगोटी आहे.

ही खोड धंद्यातली. मी लिफ्ट दुरुस्त करतो, सव्वीस वर्षं झाली. लिफ्ट चालू झाली की नवखा मेकॅनिक एकदा वर जातो, एकदा खाली येतो, सही करतो आणि चहाला पळतो. आम्ही जुने लोक सगळी बटणं एकदम दाबतो, बंद होणाऱ्या दारात पाय घालतो, आत उड्या मारतो. इमारतीतलं सगळ्यात व्रात्य कार्टं उद्या हेच करणार असतं, म्हणून त्याच्या आधी आपण करून घ्यायचं. मला त्यात मजा येते हा भाग वेगळा.

एकोणपन्नास वर्षांचा बाप्या गेम खेळतो हे बायकोला चारचौघांत सांगवत नाही. मी हेडफोन लावून बसलो की ती पाहुण्यांना सांगते, ऑफिसचं काम चाललंय. लिफ्टवाल्याला कसलं आलंय ऑफिस? पण पाहुणे सभ्य असतात, मान डोलावतात. मी मात्र खेळणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या एका पानावर माझी मतं बिनधास्त लिहितो. ज्या गेममधला घोडा दमतो, तो गेम मला आवडतो. जिथे चूक केली तर चुकीचंही काहीतरी घडतं, तोही आवडतो. चार पावलं चाललो की 'शाब्बास' म्हणणारे गेम मला सहन होत नाहीत. मी काय रांगायला शिकतोय? नकाशावर डास चावल्यासारखे ठिपकेच ठिपके असले तर मी नकाशा बंद करतो. आणि मारामारीआधी पाव तास भाषण ठोकणारा खलनायक दिसला, की मला त्याच्यापेक्षा लिहिणाऱ्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटतात. या मतांमुळे पानावर माझे शत्रू पुष्कळ आहेत. बरं वाटतं.

तर एका रविवारी दुपारी ताईचा फोन आला. म्हणाली, तुझी भाची दोन दिवस धड जेवलेली नाही, आणि तिला तूच हवायस, का ते देवाला ठाऊक.

माझी भाची, घरातलं नाव भिंगरी. वय सत्तावीस. विमा कंपनीतली नोकरी सोडून अडीच वर्षं ती एका मित्राबरोबर गेम बनवत होती. मित्राला आम्ही मास्तर म्हणतो, कारण तो कुठलीही गोष्ट तीनदा समजावतो आणि चौथ्यांदा 'कळलं का?' विचारतो. चित्रं आणि प्रोग्रॅम भिंगरीचे, गोष्ट आणि संवाद मास्तरचे. शुक्रवारी गेम बाजारात आणणाऱ्या एका कंपनीतली बाई तासभर तो खेळून बघणार होती. आवडला तर कंपनी घेणार. विमा कंपनीच्या साहेबांनीही भिंगरीला परत बोलावलं होतं, आणि त्यांनाही हो की नाही ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच हवं होतं. ताईने तिला सांगून ठेवलेलं, गेमचं जमलं नाही तर मुकाट्याने जायचं. भिंगरीनेही मान्य केलं होतं. अडीच वर्षं आईच्या जेवणाच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर मांडून बसल्यावर माणूस आणखी काय मान्य करणार नाही?

मी गेलो तर घरचे सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवत होते. भिंगरीने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "मामा, एकदा तरी चेष्टा न करता सांग."

गेम असा. डोंगराच्या कड्यावर एक गाव, तिथे सतत भणाणता वारा. आपण टपाल वाटणारी बाई. वाऱ्यातून वाट काढत घरोघरी पत्रं पोचवायची. ऐकूनच माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

पण गाव काही दिसेना. आधी एक टपाल कचेरी. तिथे एक म्हातारे पोस्टमास्तर. त्यांनी मला चालायला शिकवलं. वाकायला शिकवलं. पिशवी उघडायला, पिशवी बंद करायला. मग त्यांनी स्वतःची कथा सांगितली, कचेरीची सांगितली, शिक्क्याची सांगितली. मी खिडकीतून उडी मारायला गेलो तर पाटी आली, 'आधी सूचना ऐका'. मी शाई सांडायला गेलो तर शाई सांडेना. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे अख्खा घाणाच ओतलेला. पंधरा मिनिटांनी मी भिंगरीकडे पाहिलं. ती नखं खात होती. तिला काय सांगायचं या विचारात मी सवयीने हाताचा पंजा बटणांच्या वरच्या ओळीवर आडवा टेकला आणि सगळी एकदम दाबली.

कचेरी गायब. मी थेट कड्यावर.

वाऱ्याने पिशवीतलं पहिलंच पत्र उडवलं आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. भिंतीला खेटून चाललं की वारा कमी लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच कळलं. मुद्दाम एक पत्र भलत्याच घरी टाकलं. आतल्या जाड्या माणसाने ते उघडलं, वाचलं, पायरीवर बसला आणि रडायला लागला. मग आत जाऊन कोट घालून कुठेतरी निघाला. मी त्याच्या मागे मागे गाव पालथं घातलं. चहा आला, गार झाला. पाऊण तासाने ताईने माझ्या कानातला हेडफोन उपटला तेव्हा मी भानावर आलो.

मी विचारलं, अगं, हे सगळं त्या कचेरीमागे का दडवून ठेवलंयस? आणि मधूनच मी इथे आलो कसा?

ती म्हणाली, एफ नऊ दाबलं गेलं असेल, ती आमची चोरवाट. दिवसातून पन्नास वेळा गेम तपासायचा, दरवेळी कचेरीतून कोण जाणार? एफ नऊ दाबलं की सरळ कड्यावर.

"म्हणजे कचेरीतून शेवटचे कधी गेलात?"

भिंगरी हिशेब करायला लागली. बोटांवर महिने मोजले. दोन्ही हात संपले.

लिफ्ट बनवणाऱ्यांनी वर्षभर जिनाच वापरावा, तसं झालं होतं. शुक्रवारी ती बाई काही एफ नऊ दाबणार नव्हती. तिच्या तासातली वीस मिनिटं म्हातारबुवा खाणार होते. मी म्हटलं, कचेरी कापून टाक. भिंगरीचा चेहरा उतरला. कचेरीचा शब्द न् शब्द मास्तरचा, त्यावर त्याने चार महिने घातलेले. म्हणाली, त्याला मी नाही सांगू शकत. मी म्हटलं, नको सांगूस, त्याचं त्यालाच कळेल.

सोमवारी संध्याकाळी मास्तर यायच्या आधी मी कामावरून तसाच ताईकडे गेलो. पुठ्ठ्याचा एक तुकडा घडी करून एफ नऊच्या खाली सरकवला. बटण दबेना की हलेना. मास्तर आला, बसला, सवयीने बोट तिकडे गेलं. दोनदा, तीनदा दाबलं. मी साळसूद चेहरा करून म्हणालो, कालपासून बिघडलंय, उद्या बघतो मी. आज पहिल्यापासूनच खेळा की, मलाही बघायचंय.

तो खेळू लागला. दुसऱ्या मिनिटाला पाठ ताठ होती. पाचव्याला हनुवटी हातावर आली. सातव्या मिनिटापासून तो स्वतःचेच संवाद न वाचता टकाटक पुढे ढकलत होता, आणि दहाव्याला पोस्टमास्तर बोलत असतानाच त्याने खिशातून मोबाइल काढला. मी याचीच वाट बघत होतो.

मी विचारलं, "मास्तर, म्हातारबुवा आत्ता काय म्हणाले?"

त्याला सांगता येईना. मी पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि मोठ्याने हसलो. कुणीच हसलं नाही. मास्तरने पुठ्ठ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि उठून गॅलरीत गेला.

भिंगरी दबक्या आवाजात मला म्हणाली, "त्याचे बाबा पोस्टमन होते, मामा. कचेरीतलं सगळं त्यांचं बोलणं आहे. ते गेल्यावर लिहिलंय त्याने."

सव्वीस वर्षांत मी एकदाच लिफ्टमध्ये अडकलोय, स्वतःच्या चुकीने. तेव्हा जे वाटलं, तेच आता वाटलं. भिंगरी पुढेही बोलत राहिली, तुला लोकांना उघडं पाडायचीच हौस, समोरच्याचं काय होतं ते तू कधी बघतोस का, वगैरे. एक अक्षर खोटं नव्हतं. एरवी मी काहीतरी थाप मारून सुटलो असतो. पण त्या दिवशी गॅलरीत गेलो आणि मास्तरला सरळ सांगितलं की बटणाची गंमत हलकटपणाची होती, माझं चुकलं. गेमबद्दलचं मत मात्र मागे घेणार नाही.

तो कठड्यावरून वाकून खालचा रस्ता बघत होता. मग म्हणाला, "मलाच कंटाळा आला, काका. त्यांचं बोलणं, आणि मलाच कंटाळा आला."

मी म्हटलं, बोलणं कंटाळवाणं नाही, माणसाला डांबून ऐकवलं म्हणून कंटाळवाणं झालं. तुमच्या वडिलांनी तुम्हाला खुर्चीत बसवून वीस मिनिटं शिकवलं होतं का? त्यावर त्याला हसू आलं. म्हणाला, छे, बाबा बोलायचे ते वाटेत, सायकलवर, निम्मं तर वाऱ्यात ऐकूच यायचं नाही. मग त्याने विचारलं, काल तुम्ही खेळलात, त्यातलं तुम्हाला काही आठवतंय?

आठवत होतं, एकच वाक्य. मी म्हटलं, "दार वाजवलं की एक पाऊल मागे सरकावं, उघडणाऱ्याला जागा लागते. काल रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, हे तुझं नाही, तू एवढा शहाणा नाहीस."

मास्तर आत गेला, खुर्ची ओढून बसला आणि भिंगरीला म्हणाला, कचेरी काढ. बाबा वाटेत बोलतील.

तीन दिवस त्या टेबलावर कुणालाही जेवायला मिळालं नाही. म्हातारबुवा आता पुढे चालायचे, एखादं वाक्य बोलायचे, निम्मं वारा उडवून न्यायचा. ऐकायचं असेल तर पाय उचलून त्यांना गाठावं लागायचं. मी रोज कामावरून येऊन जमेल तेवढा धुडगूस घालायचो. बुवांना धक्का दिला, त्यांची टोपी पळवली, त्यांना सोडून भलतीकडे निघून गेलो. जिथे गेम अडला तिथे भिंगरी शिव्या देत दुरुस्त करायची. मास्तर माझ्याशी मोजकंच बोलायचा, पण बुधवारी त्याने टोपी पळवल्यावर बुवांच्या तोंडी एक वाक्य घातलं, 'ठेव तुलाच, तुझ्या डोक्यावर काहीतरी असू दे.' मी ओळखलं, हे वडिलांचं नव्हे, हे माझ्यासाठी आहे.

शुक्रवारी कॉम्प्युटर उचलायला मी गेलो. कंपनीच्या दारातच भिंगरीने बजावलं की तू हमाल आहेस, हमाल बोलत नाहीत. आत साधीशी खोली, लांब टेबल, काचेची एक भिंत. बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि खेळायला लागल्या.

पहिल्याच मिनिटाला वाऱ्याने पत्र उडवलं. बाई पत्राच्या मागे न धावता उलट्या दिशेने निघाल्या, एका घराच्या मागे गेल्या आणि तिथल्या कुंड्या ढकलायला लागल्या. एक कुंडी फुटली. आतून कुणीतरी ओरडलं. बाई गालातल्या गालात हसल्या. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीचा हात आवळून धरला. आपल्याच जातीचं माणूस निघालं की.

घड्याळात तास भरला. काचेबाहेर पुढची दोन पोरं आपला कॉम्प्युटर घेऊन उभी होती. बाईंनी हातानेच त्यांना थांबा म्हणून खुणावलं आणि आणखी वीस मिनिटं खेळल्या. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन दोषांची यादी सांगितली. पूल ओलांडताना गेम अडखळतो. रात्र फार काळी आहे. गावात मुलं का नाहीत? शेवट घाईत उरकलाय. मास्तर वहीत लिहीत होता, भिंगरीचे ओठ पांढरे पडले होते. शेवटी बाई म्हणाल्या, "आठ महिन्यांत हे सगळं करून आणा. गेम आम्ही घेतोय, करार सोमवारी पाठवते. आणि तो म्हातारा कुणी लिहिला? त्याला हात लावू नका."

मास्तरने वही मिटली, पुन्हा उघडली आणि काहीही न लिहिता मिटली.

बाहेर पायऱ्यांवर भिंगरीने आधी ताईला फोन केला. ताई आधी रडली आणि मग म्हणाली, म्हणजे आणखी आठ महिने मांडीवर जेवायचं. नंतर भिंगरीने विमा कंपनीच्या साहेबांना फोन लावला. मान खाली घालून सांगितलं, माफ करा, मी परत येत नाही, आमचा गेम घेतलाय एका कंपनीने. पलीकडून साहेब बराच वेळ काहीतरी बोलत होते. मला वाटलं, झापतायत. फोन कानाला धरूनच ती आमच्याकडे वळली.

"विचारतायत, त्यांच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल का?"

मास्तरने विचारलं, किती जुना? भिंगरीने साहेबांना विचारलं, साहेब घरीच होते, तो बघायला उठले, आणि आम्ही तिघं पायरीवर बसून वाट बघत राहिलो.