खोट नसलेलं पिल्लू

फुलीसाहेब निवृत्त झाले तेव्हा सगळ्या कारखान्याचा जीव भांड्यात पडला आणि त्यांच्या बायकोचा टांगणीला लागला.

कारखाना हात धुवायच्या बेसिनांचा. भट्टीतून निघालेलं प्रत्येक बेसिन पट्ट्यावरून सरकत त्यांच्यापुढे यायचं. लाकडी हातोडीने ते त्यावर हलकेच टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे, उजेडात तिरपं धरून बघायचे. खणखणीत वाजलं आणि कुठे डाग नसला, तर चकार शब्द न काढता पुढे जाऊ द्यायचे. पण केसाएवढी चीर दिसली, टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसला, की खिशातला निळा खडू बाहेर यायचा आणि बेसिनाच्या कपाळी फुली बसायची. फुलीवाला माल थेट फोडायच्या ढिगावर. एकदा मारलेली फुली त्यांनी कधी पुसली नव्हती, मग मालकाचा फोन येवो की मालक स्वतः येवोत. नाव पडलं ते त्यावरूनच, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचं.

निवृत्तीनंतर बेसिनं यायची थांबली. नजर काही थांबेना. आता पट्ट्यावर घर आलं. पडदा एका बाजूने बोटभर खाली लोंबतोय. कपबशीतली बशी दुसऱ्याच कपाची आहे. बायको कपडे वाळत घालताना गुणगुणत होती, तर दुसऱ्या ओळीत सूर उतरला. हे सगळं ते रागाने नव्हे, अगदी शांतपणे सांगायचे. माहिती म्हणून सांगायचे. ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड का होतो, हे त्यांना कधी उमगलं नाही.

बायकोने बरेच दिवस मूग गिळून काढले. मग एकदा तिने त्यांच्या आरामखुर्चीला नवं कव्हर शिवलं. कापड तिनेच शोधून आणलं होतं, कडेला बारीक गोट लावला होता, आणि ते खुर्चीवर चढवून ती जरा बाजूला उभी राहिली होती. फुलीसाहेबांनी कव्हर काढलं, उलटं केलं, आतली शिवण खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि म्हणाले, “इथे एक टाका सुटलाय.”

दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली.

“ताईचा गुडघा दुखतोय. जाऊन येते,” ती म्हणाली. ताईचा गुडघा ठणठणीत होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. दाराशी ती थांबली. “अहो, मला लहानपणापासून घरात कुत्रं हवं होतं. दरवेळी तुम्ही नाक मुरडलंत. आता एक करा. असं एक पिल्लू आणा, ज्यात तुम्ही खोट काढणार नाही. ते घरात आलं की मी येते. तोवर मला बोलवू नका.”

दुसऱ्या कोणाच्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला असता. फुलीसाहेबांच्या डोक्यातही पडला, पण भलतीकडेच. खोट नसलेलं पिल्लू. मागणी स्पष्ट होती, मोजमाप स्पष्ट होतं, आणि या कामाला त्यांच्याहून लायक माणूस शोधून सापडला नसता. ते चक्क खूश झाले.

ही खुशी संध्याकाळपर्यंत टिकली. संध्याकाळी त्यांना दिसलं की पडदा आता दुसऱ्या बाजूने खाली आलाय, आणि हे सांगायला घरात कोणीच नाही. त्यांनी ते भिंतीला सांगून पाहिलं. मग चहा केला, तो बिघडला, आणि तो कोणी बिघडवला हा प्रश्नच उरला नव्हता. त्यांना करमेना. हे त्यांनी कोणाजवळ कबूल केलं नसतं, पण बायकोवाचून त्यांना अजिबात करमत नव्हतं.

गावाबाहेर एका बाईंची रोपवाटिका होती. त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं कानावर आलं, तसे फुलीसाहेब स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. सवयीने निळा खडू खिशात होताच.

रोपवाटिकावाल्या बाई कोपरापर्यंत मातीत बुडालेल्या होत्या. समोर कुंड्यांच्या रांगा. काही कुंड्यांवर खडूने खुणा केलेल्या होत्या. ही कीड लागलेली झाडं असणार, असं फुलीसाहेबांनी मनाशी ठरवलं आणि बाईंच्या कामातल्या शिस्तीचं त्यांना कौतुक वाटलं. अर्थात ते बोलले नाहीत.

“तिकडे शेडमध्ये आहेत बघा चौघं,” बाई म्हणाल्या. “पण आज देणार नाही हं. अजून आईला पितात. पुढच्या रविवारी न्या. आज नुसतं ठरवून ठेवा.”

फुलीसाहेब शेडमध्ये शिरले आणि गुडघ्यांवर बसले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की आजोबा पिल्लांशी खेळतायत. आजोबा ड्युटीवर होते. त्यांनी तपकिरी पिल्लाचं तोंड उघडलं. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे. ठिपकेवाल्याला चालवून पाहिलं. मागचा डावा पाय आत वळतो. मग चौघांच्या पाठीमागे जाऊन त्यांनी जोरात टाळी वाजवली. तिघं दचकून वळली. पांढरं मात्र समोरच्या माशीकडे बघत बसलं. त्यांनी पुन्हा टाळी वाजवली, हाक मारली, शेडचा पत्रा बडवला. पांढऱ्याला पत्ताच नव्हता. बहिरं.

राहिलं काळं. दात, डोळे, चाल, कान, शेपूट. फुलीसाहेबांनी त्याला उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवलं आणि त्यांचा ऊर भरून आला. कुठेही, काहीही नव्हतं. अस्सल माल. रविवारी घोटाळा नको म्हणून त्यांनी खडू काढला आणि तपकिरी, ठिपकेवालं आणि पांढरं, तिघांच्या कपाळावर ठळक फुल्या मारल्या. काळ्याला हात लावला नाही. चांगल्या मालाला खूण लागत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम होता.

“ठरलं?” बाईंनी दुरून विचारलं.

“ठरलं,” फुलीसाहेब म्हणाले. “खुणा करून ठेवल्यात.”

बाई शेडमध्ये डोकावल्या, पिल्लांकडे पाहिलं, मग फुलीसाहेबांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की फुलीसाहेबांना वाटलं, जाणकार बाई आहेत, आपली पारख ओळखली.

रविवारी ते नवा पट्टा आणि टोपली घेऊन हजर झाले. पाहतात तर बाई हात धुऊन, स्वच्छ कपडे घालून दारातच उभ्या. शेजारी त्यांच्या सासूबाई, त्याही खास बघायला आलेल्या.

“हेच ते,” बाई सासूबाईंना म्हणाल्या, आणि फुलीसाहेबांकडे वळल्या. “साहेब, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत हो. जो येतो तो धडधाकट पिल्लू मागतो. या तिघांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. लंगडं, वाकड्या तोंडाचं आणि ते बिचारं बहिरं. आणि तुम्ही नेमकी तीच तीन निवडलीत!”

फुलीसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. “निवडली? अहो, पण काळं कुठाय?”

“काळं गेलं ना आज सकाळीच. एक जोडपं आलं होतं, त्यांनी नेलं.”

“अहो, पण मला तेच हवं होतं!”

आता गोंधळायची पाळी बाईंची होती. त्यांनी कुंड्यांच्या रांगेकडे बोट केलं. “आमच्याकडे गिऱ्हाईक ज्याच्यावर खूण करतं ते त्याचं. आम्ही ते दुसऱ्याला देत नाही. कुत्री चाटून पुसायची, तर मी तुमच्या खुणा रोज गिरवून ठेवल्या. ज्याच्यावर खूण नाही ते मोकळं, कोणीही न्यावं. तुम्हाला काळं हवं होतं तर तुम्ही काही केलं का नाही? निदान तोंडाने तरी बोलायचंत. मला कसं कळणार?”

फुलीसाहेब टोपली खाली ठेवून कुंड्यांवरच्या खुणांकडे बघू लागले. कारखान्यात त्यांना आव्हान देणारे खूप झाले होते, पण “मला कसं कळणार” असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. निदान शब्दांत नाही. त्यांना उगाच ते खुर्चीचं कव्हर आठवलं. कापडाचा रंग त्यांना फार आवडला होता. गोटही आवडला होता. ते बोललेच नव्हते, कारण त्यात बोलण्यासारखं काही चुकलं नव्हतं.

“एकच न्यायचंय,” ते शेवटी पुटपुटले.

“एक तर एक,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आदर अजून शाबूत होता. “मग बाकी दोघांच्या खुणा पुसा म्हणजे झालं. त्यांनाही कोणीतरी भेटेल.”

पुसा! फुलीसाहेबांनी रुमाल काढला. माल नाकारणं त्यांच्या हाताचा मळ होता, पण तीन नाकारलेल्यांतून एक पसंत करायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ठिपकेवाल्याची फुली पुसली. लंगडत का होईना, ते चटकन कोणाच्याही मागे जाईल. मग तपकिरी आणि पांढरं समोर ठेवून ते कितीतरी वेळ बसून राहिले. तपकिरी त्यांच्या तोंडाकडे टकमका बघत होतं. आपण घरी याला काय काय ऐकवू, हे त्यांना एकदम स्वच्छ दिसलं. पाणी सांडतोस. वाकडं खातोस. आणि ते असंच तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेईल, आणि मग एक दिवस ऐकणं बंद करेल.

त्यांनी तपकिरी पिल्लाची फुली पुसली आणि पांढरं उचललं. मादी होती. निदान हिचे हाल व्हायचे नाहीत, एवढाच त्यांचा हिशेब होता.

सासूबाईंनी डोळे पुसले. फुलीसाहेबांनी त्यांचा गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न केला नाही. खोट्या कौतुकाखाली माणूस किती अवघडतो, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

घरी न जाता ते थेट मेहुणीच्या दारात गेले. दार मेहुणीनेच उघडलं. तिने टोपलीत पाहिलं, पिल्लाच्या कपाळावरची निळी फुली पाहिली आणि आत वळून ओरडली, “अगं, तुझे साहेब आलेत. नापास झालेलं काहीतरी घेऊन आलेत!”

बायको हात पुसत बाहेर आली. जरा वाळली होती, किंवा त्यांना तसं वाटलं. ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“काय खोट आहे हिच्यात?” तिने विचारलं.

“ऐकू येत नाही.” खोटं बोलणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

“मग आणलीत कशाला?”

“म्हटलं, मी काही बोललो तरी हिला कळणार नाही. टिकेल.”

मेहुणी फिसकन हसली. बायको हसली नाही. “बरं केलंत,” ती म्हणाली. “तिची सोय केलीत. पण मला ऐकू येतं, अहो. त्याचं काय करायचं?”

फुलीसाहेबांनी समजावून सांगायचा आटोकाट प्रयत्न केला. काळं पिल्लू सांगितलं, कुंड्या सांगितल्या, चांगल्या मालाला खूण करत नाहीत तेही सांगितलं. “तसंच तुझं,” ते म्हणाले. “मी काही म्हणालो नाही म्हणजे समजायचं की माल...”

“मी माल आहे?”

“तसं नाही गं.”

“मग कसं? कारखाना वगळून सांगा. एक वाक्य. बेसिन नको, पट्टा नको.”

त्यांच्या कपाळावर घाम आला. वाक्य आत कुठेतरी होतं, ते त्यांना जाणवत होतं, पण बाहेर यायची वाट त्याला कधी कोणी दाखवली नव्हती. बायको वाट बघत उभी राहिली. मेहुणीनेसुद्धा हसणं आवरलं. शेवटी बायकोने मान हलवली, “चहा ठेवते. पिऊन जा,” म्हणाली, आणि दोघी बहिणी आत गेल्या.

फुलीसाहेब बाहेरच्या खोलीत एकटेच उरले. सगळं हातचं गेलं होतं. मागणी अटीप्रमाणे पुरी केली होती आणि तरी त्यांना चहा पिऊन एकट्याने परत जायचं होतं. त्यांना रडू येईल की काय अशी भीती वाटली. त्यांनी पिल्लू मांडीवर घेतलं. ते त्यांच्या शर्टाचं बटण चावत होतं.

“छान आहेस गं,” ते अगदी हळू म्हणाले. पिल्लाने मान वर केली नाही, त्यामुळे जमलं. मग जरा मोठ्याने, “छान आहेस. तू गेल्यापासून घर खायला उठतं. पडद्याबद्दल मी नुसतं बोलायला काहीतरी हवं म्हणून बोलतो. त्या कव्हराचा रंग इतका सुरेख आहे ना, मी त्या खुर्चीवर बसतच नाही. मळेल म्हणून. दिवसभर समोरच्या स्टुलावर बसतो आणि बघतो. परत ये ना.”

आतला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी वर पाहिलं तेव्हा बायको दारात उभी होती. चहा तिने आणलाच नव्हता. हातात बॅग होती, आणि घाईघाईने कोंबलेल्या साडीच्या पदराचं टोक चेनमध्ये अडकून बाहेर लोंबत होतं. ते त्यांना दिसलं. ते बोलले नाहीत.

“हे मला म्हणालात,” तिने विचारलं, “की तिला?”

“तिला कुठे ऐकू येतं,” फुलीसाहेब म्हणाले.