ताटातलं पहिलं मीठ

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरी, काठाचा टवका उडालेली. लोणच्याच्या बरण्यांचा तोरा मला नाही. माझ्या पोटात आयुष्यभर मीठच राहिलं, आणि त्या मिठाचीच एक गोष्ट मला सलते आहे.

मालवणच्या बाजारातून जानकीबाईंच्या लग्नात मी त्यांच्यासोबत घाटकोपरला, भटवाडीतल्या चाळीत आले. त्यांचे यजमान जयवंत गिरणीत होते. दिवसभर घाम गाळून आले की त्यांना जेवण चमचमीत लागायचं. "जानकीच्या हाताक चव आसा," असं ते म्हणायचे, तेव्हा मी मनात म्हणायची, हात तिचा, पण चव माझी! असा माझा गर्व.

ताट वाढायची जानकीबाईंची रीत ठरलेली. आधी वरच्या अंगाला चिमूटभर मीठ, मग बाकीचं. जयवंतांचीही रीत ठरलेली. जेवण संपलं की उरलेलं मीठ बोटाने टिपून जिभेवर ठेवायचे. लेकीला, सुलक्षणाला, बजावायचे, "मीठ टाकूचा नसता. वर गेल्यार पापणेन वेचूचा लागता."

ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली. पुढे ते एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले. तिथल्या तपासणीत रक्तदाब फार निघाला. "गोळी रोज घ्या, मीठ कमी करा. नाहीतर एक दिवस मेंदूतली शीर फुटेल," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कुठे काही दुखत नव्हतं, त्यामुळे जयवंत हसले. जानकीबाई मात्र घाबरल्या. दुसऱ्या दिवसापासून आमटीत मीठ निम्मं झालं, सुके बांगडे बंद झाले, आणि गोळी त्या स्वतः त्यांच्या हातावर ठेवू लागल्या.

"ह्या काय जेवाण? हॉस्पिटलातला वाटता," जयवंत कुरकुरायचे.

"गप जेवा. माका तुमी व्हये," जानकीबाई म्हणायच्या.

पण दाब काही उतरेना. बाहेर खाता का, वडापाव खाता का, असं डॉक्टर दर महिन्याला विचारायचे. नाही, हे उत्तर अगदी खरं होतं. ताटातल्या त्या मिठाबद्दल कोणी विचारलं नाही, आणि ते सांगायचं असतं हे जानकीबाईंच्या डोक्यातही आलं नाही. ते खाणं थोडंच होतं? ती तर वाढायची रीत. उलट जेवण अळणी झालं म्हणून त्यांना दया यायची, आणि त्यांची चिमूट हळूहळू मोठी होत गेली. जयवंत ते सगळं मीठ आमटीत कालवायचे आणि शेवटी ताट बोटाने पुसून घ्यायचे. मी रोज बघत होते. बरणीला तोंड असतं, पण ते बोलायच्या कामाचं नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यात एका दुपारी जेवता जेवता त्यांच्या हातातून घास गळला. तोंड वाकडं झालं. शेजारचे राजाराम धावत जाऊन रिक्षा घेऊन आले. जीव वाचला. पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

घरी आणल्यावर पहिलं ताट वाढताना जानकीबाईंचा हात सवयीने माझ्यात आला. आता कॉलेजात जाणाऱ्या सुलक्षणाने तो मनगटाशी धरला.

"आई, हे कशाला गं? तेच तर बंद करायचंय ना!"

"मिठाशिवाय ताट वाढतत काय गो? असगुन तो!"

"देवाच्या नैवेद्याला वाढतेस तू मीठ? नाही ना? मग बाबांचं ताट नैवेद्याचं समज."

 जानकीबाईंची चिमूट सुटली आणि मीठ परत माझ्यात पडलं.

"रोज मियाच वाढलंय गो," एवढंच त्या म्हणाल्या आणि जमिनीवर बसून रडल्या. मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला विसरू नका. मी उलटं मागते. मला वरच्या फळीवर ठेवा, जिथे हात सहज पोचत नाही. तुमच्या घरी कोणी ताटात मीठ मागून घेत असेल, तर त्यांना आजच अडवा, काही दुखत नसतानाच अडवा.

जानकीबाईंनी मला त्याच दिवशी तिथे चढवलं. इथून, वरून, मला रोजचं जेवण दिसतं. जयवंतांचं डावं बोट अजूनही ताटाच्या वरच्या अंगाला जातं, चाचपतं, आणि तिथे काही नसतं. मग जानकीबाई त्या बोटाखाली हळूच लिंबाची फोड सरकवतात.